बटाट्याखालचं मटण

खानदेशात मटण करणाऱ्याचं नाव होतं. भाकरी करणारीचं होत नाही.

माहेरी चोपड्याला हेच पाहिलं आणि लग्नानंतर जळगावला सासरीही हेच. रविवारी मटण आलं की जिभाऊ, म्हणजे माझे मोठे दीर, बाह्या सरसावतात. मागच्या अंगणात तीन विटा मांडल्या जातात. मटणाचं म्हणून वेगळं ठेवलेलं जर्मनचं पातेलं बाहेर निघतं (एरवी ते स्वयंपाकघरात येतच नाही). अख्खे कांदे आणि सुक्या खोबऱ्याची वाटी सरळ आरावर पडते, बाहेरून पार काळी होईपर्यंत. मग लसूण, आलं, कोथिंबीर, धणे, शहाजिरे, दगडफूल, मसाला वेलची, मिरी, लवंग. मिरची नंदुरबारची, ती बाजारात कधी उतरते याची खबर जिभाऊंना घरात सगळ्यांत आधी असते. हे सगळं शेंगदाण्याच्या तेलात इतकं परततात की शेजारचे दार लावून घेतात. तेल सुटलं, वर तर्री आली, की ते पळी उचलून सगळ्यांना दाखवतात. त्यांचं काळं मटण उत्तम होतं, यात वाद नाही. पाहुणे पहिल्या घासाला मान हलवतात आणि म्हणतात, “जिभाऊ, मानलं तुम्हाले!”

तेव्हा आम्ही दोघी जावा आत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकऱ्या करत असतो. एक थापते, एक भाजते. रश्शात भाकरी कुस्करून खाणारी दहा-बारा माणसं पंगतीला असली की तवा विसाव्याला येत नाही. “आणखी एक आण”, “अर्धी चालेल”, “गरम असली तर दे” असे आवाज येत राहतात. आमची पाळी येते तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो, तुकडे शोधावे लागतात, आणि ज्यांच्यासोबत बसून जेवायचं होतं ते हात धुऊन ओसरीवर बडीशेप चघळत असतात.

यात कुणाचा दुष्टपणा नाही. दोष असलाच तर ज्वारीचा आहे. गव्हात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन असतं, म्हणून पोळी लाटून डब्यात घालून ठेवली तरी दोन तास मऊ राहते. ज्वारीत ते नाही. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळावं लागतं, म्हणजे त्यातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो, आणि त्या चिकटपणावर भाकरी हाताखाली फिरते. ती गार झाली की तोच स्टार्च आवळत जातो, कडा कडक होतात, मोडली की चुरा. कळण्यात चार वाट्या ज्वारीला वाटीभर काळे उडीद असतात. उडदामुळे थापायला थोडी सोपी जाते इतकंच, गार झाल्यावर तीही रुसते. तेव्हा भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी, आणि त्यासाठी कुणीतरी तव्यापाशी हवं. पंगतीतली एक जागा कायम रिकामी राहते ती या एका कारणाने. चांगुलपणाने किंवा भाषणाने ती भरत नाही. भरायची तर जेवणच बदलावं लागतं.

म्हणून थंडीत, घरची सगळी जमणार असली की, मी मटण आणि बटाट्याचा थरांचा ट्रे ओव्हनला लावते. तिकडे इंग्रजी घरांत याला कॅसरोल म्हणतात. आमच्याकडे नाव पडलंय ‘ट्रेवालं मटण’.

पण आधी बटाट्याबद्दल बोलायला हवं, कारण खरी अडचण तिथेच होती. मटणात बटाटा म्हणजे आमच्याकडे जरा कमीपणाचं. यजमानाचा हात आखडला असं समजतात. माझी मोठी माय, म्हणजे आईची आई, तिच्या घरी किलोभर मटण असायचं आणि दुपारच्या गाडीने न सांगता चार माणसं यायची. ती काही न बोलता बटाटे सोलायला घ्यायची. रश्शात पाणी वाढवलं तर तो पातळ होतो आणि खाणाऱ्याला लगेच कळतं. बटाटा घातला तर रस्सा दाट राहतो, ताट भरलेलं दिसतं आणि कुणाच्या वाट्याला किती आलं याचा हिशोब कुणी करत नाही. वाढताना ती आधी पाहुण्यांना तुकडे वाढायची आणि आम्हा पोरांना एक तुकडा, दोन बटाटे. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्या घरात सगळ्यांत चांगलं आम्हीच जेवत होतो. मटणाचा तुकडा शिजताना आपला रस बाहेर सोडतो आणि बटाटा तो आत घेतो. तासभर मसाल्यात मुरलेल्या बटाट्यात नळीचा मगज असतो, चरबी असते, भाजलेल्या खोबऱ्याचा धूर असतो. नुसत्या तुकड्यात हे सगळं मिळत नाही. जिभाऊंना हे अजून पटलेलं नाही. ते बटाटा बाजूला सारतात, आणि मग हळूच खातात.

मिरची काय, बटाटा काय, दोन्ही अमेरिका खंडांतून समुद्रावरून आलेली. त्यातली एक आमची झाली, इतकी की तिच्यावाचून खानदेशी म्हणवून घेता येत नाही, आणि दुसरा मात्र मटणाच्या पातेल्यात अजून पाहुणा. हा कुठला न्याय, मला कळत नाही.

थरांचा हा प्रकार शोधत गेलं की माणूस इंग्लंडातल्या लँकेशायरला पोचतो. तिथला ‘हॉटपॉट’ प्रसिद्ध आहे. मातीच्या खोल भांड्यात मटण आणि कांदा, वर बटाट्याच्या चकत्या एकावर एक चढवलेल्या, आणि मंद आचेवर कित्येक तास. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. गिरणीत बायकाही कामाला होत्या. सांगतात असं की सकाळी भांडं भरून मंद भट्टीत सोडायचं, काही जणी ते गल्लीतल्या बेकरीवाल्याकडे नेऊन द्यायच्या, आणि पाळी संपवून घरी आलं की जेवण तयार. ढवळायला नको, राखण करायला नको. चुलीपाशी उभं राहायला ज्यांच्याकडे वेळच नव्हता त्यांचा हा पदार्थ.

आणि त्या गिरण्यांशी आमचा जुना संबंध आहे, हे मला फार उशिरा सुचलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि कापसासाठी हिंदुस्थानकडे धाव घेतली गेली. खानदेशातल्या काळ्या जमिनीला त्या चार-पाच वर्षांत सोन्याचा भाव आला. रेल्वे याच दशकात इकडे आली आणि जळगाव कापसाची पेठ म्हणून नावारूपाला आलं. पुढे जळगावला खानदेश मिल झाली, अमळनेरला प्रताप मिल. माझे आजेसासरे खानदेश मिलमध्ये होते. मिल बंद पडूनही जमाना झाला. तेव्हा आमच्या कापसावर जिथले माग चालले तिथल्या कामकरी बायकांचं जेवण दीडशे वर्षांनी आमच्या ओव्हनमध्ये आलं, तर मी त्याला परकं मानत नाही. उलट येणं बाकी होतं ते वसूल झालं असं समजते.

बेकरीच्या भट्टीचं म्हणाल तर ती सवय आपल्यालाही आहेच. दिवाळीआधी रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत रांग लावायची, आपल्या नानकटाईवर लक्ष ठेवायचं, दुसऱ्याच्या पत्र्यावर आपली गेली तर भांडायचं. भट्टी घरी नसली तरी आपलं चालत होतं. मटण मात्र कुणी बेकरीत नेलं नसतं. नेलं असतं तर बेकरीवाल्याने पुढच्या वर्षी नानकटाई घेतली नसती.

आता करायचं कसं. आठ माणसांना किलोभर बोकडाचं मटण, पुढच्या पायाचं आणि थोडं सीन्याचं, म्हणजे छातीचं. सीन्याला चरबी असते आणि ती इथे हवीच. विलायती पाककृतीत मेंढीचं मटण कच्चंच थरात घालतात, ते चरबीदार असतं, त्याचं निभतं. बोकडाचं मटण कोरडं आणि चिवट. कच्चं घातलं तर बटाट्याचा लगदा होतो आणि मटण दातांत अडकतं. म्हणून आधी हळद-मीठ लावून अळणी, म्हणजे मसाल्याशिवाय, शिजवून घ्यायचं, कुकरला चार शिट्ट्या, मऊ व्हायच्या जरा अलीकडे. ते अळणी पाणी जपून ठेवायचं. घरात कुणाला सर्दी असेल तर वाटीभर त्याला द्यायचं आणि बाकीचं ट्रेसाठी. घरात सर्दी नेहमी कुणाला तरी होते, मटण शिजताना तर हमखास.

मसाला आपला काळाच, पण नेहमीपेक्षा दाट. चार कांदे भाजलेले, अर्धी वाटी सुकं खोबरं, लसणाची अख्खी गड्डी, बोटभर आलं, तीन चमचे काळा मसाला, तेलात सढळ हाताने परतून. तेल सुटलं की वरची लाल तर्री चार-पाच चमचे काढून वाटीत बाजूला ठेवायची. ही तर्री विसरायची नाही, सगळी गंमत तिच्यात आहे. मग मटण घालून, अळणी पाणी बेताने ओतून, पिठल्याइतकं दाट होईपर्यंत आटवायचं.

टोमॅटो घालायचा नाही. या बाबतीत माझं आणि जाऊबाईंचं पटत नाही, त्यांना टोमॅटोशिवाय वाटण सुनं वाटतं. पण आंबटपणात बटाटा शिजत नाही, हे काही माझं मत नव्हे. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात विरघळायला फार वेळ घेतं, फोडी बाहेरून दडस राहतात. दह्याचंही तेच. आपल्या काळ्या मटणाला आंबट लागतच नाही, त्याची चव भाजण्यातून येते. म्हणून हा मसाला या पदार्थाला बसतो, तांबडा-टोमॅटोवाला बसत नाही.

बटाटे सव्वा किलो. इथे बाजारात इंदूरकडचा माल बराच येतो. पिठूळही नको आणि अगदी मेणचटही नको. पिठूळ विरघळून जातो, मेणचट रस पीत नाही. कुफरी ज्योती हे जुनं वाण, सिमल्याच्या बटाटा संशोधन केंद्राने १९६८ मध्ये आणलेलं, मला बरं पडतं. पण दुकानदाराला वाणाचं नाव विचारलं तर तो आपल्याकडे संशयाने बघतो, त्यामुळे मी एक बटाटा कापून दाखवायला सांगते. दुसरी गोष्ट शीतगृहातल्या मालाची. थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. तो गोडसर लागतो आणि ओव्हनमध्ये शिजायच्या आधीच काळा पडतो. असे बटाटे आणून आठ-दहा दिवस घरात टोपलीत, अंधारात ठेवले की साखर बरीच उतरते. अंधार यासाठी की उजेडात ते हिरवे होतात आणि हिरवा बटाटा खाऊ नये.

चकत्या आठाण्याच्या जुन्या नाण्याच्या साधारण दुप्पट जाड, तीन-चार मिलिमीटरच्या. खालच्या थराच्या चकत्या कापल्यावर धुवायच्या नाहीत, त्यांचा स्टार्च रस्सा बांधून धरतो. वरच्या थराच्या मात्र पाण्यात बुडवून, चोळून, फडक्यावर कोरड्या करायच्या, म्हणजे त्या कुरकुरीत होतात. एकाच बटाट्याला दोन वागणुकी. ट्रेला तेलाचा हात, मग बटाटा, त्यावर चिमूटभर मीठ (मटणात मीठ आहे म्हणून बटाट्याला वगळायचं नाही), मग सगळं मटण, वर धुतलेल्या चकत्या मासोळीच्या खवल्यांसारख्या. कडेने गरम अळणी पाणी सोडायचं, वरचा थर उघडा राहील इतपतच. वर फॉइल घट्ट. एकशे ऐंशी अंशांवर तासभर. मग फॉइल काढायची, राखून ठेवलेली तर्री ब्रशने, ब्रश नसेल तर चमच्याच्या पाठीने, चकत्यांना लावायची आणि दोनशे वीसवर आणखी वीस-पंचवीस मिनिटं. विलायतेत इथे लोणी लावतात. लोण्याने रंग सोनेरी येतो, तर्रीने विटकरी येतो, कडांना काळसर. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं कुणाला हात लावू द्यायचा नाही, नाहीतर थर ढासळतात आणि सगळं पातळभाजीसारखं पसरतं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं, मंद आच आणि झाकणावर निखारे. वरून-खालून आर लागला की काम होतं.

आणि मग बसायचं. सगळ्यांनी. ट्रे मधोमध, मोठी पळी, बाजूला कांदा, लिंबू, हिरव्या मिरचीचा ठेचा. कुणी उठायचं नाही, कारण उठण्यासारखं काही उरलेलंच नसतं. बटाटाच भाकरीचं काम करतो. पहिल्यांदा ट्रे पुढे आला तेव्हा सासूबाईंनी तो नीट बघितला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “आनि भाकर कोठे शे?” जेवल्या पोटभर. हात धुताना म्हणाल्या, “पोट भरनं, पन जेवन नही व्हयनं.” त्यांचं खोटं नाही. जन्मभर ज्वारी खाल्लेल्या पोटाला बटाट्याने फसवता येत नाही. आता त्यांच्यासाठी आणि जिभाऊंसाठी तीन-चार भाकऱ्या आमच्या गल्लीजवळच्या भाकरी करून देणाऱ्या बाईंकडून येतात, फडक्यात गुंडाळून, जेवायला बसण्याच्या पाच मिनिटं आधी. म्हणजे तव्यापाशी बाई उभी आहेच. ती आमच्या घरातली नाही, एवढंच. हे मला खटकतं, आणि तिला पैसे मिळतात हेही मी स्वतःला सांगते, आणि दोन्ही खरं आहे.

ट्रेवालं मटण कष्ट वाचवतं असंही मी म्हणणार नाही. कापणं, थर लावणं, वाटण, सगळं आहेच. जेवल्यावर करपलेला ट्रे रात्रभर भिजवून सकाळी खरवडावा लागतो, आणि ते भाकऱ्यांपेक्षा सोपं काम नाही. फरक वेळेचा आहे. कष्ट जेवणाच्या आधी होतात आणि जेवणाच्या नंतर होतात. जेवणाचा तास मोकळा राहतो. त्या तासात मला कळलं की माझा पुतण्या जेवताना फार छान नकला करतो. इतक्या वर्षांत मला फक्त ओसरीवरून हसण्याचा आवाज यायचा. जाऊबाई जेवायला बसल्या की भरपूर बोलतात, हेही तेव्हाच कळलं. तव्यापाशी आम्ही दोघी कामापुरतं बोलत होतो.

जिभाऊंना या प्रकारात आपल्याला काही काम नाही असं वाटायचं, म्हणून मसाला त्यांच्याकडे दिला. ते तो अंगणात, विटांवरच करतात. ओव्हन हा त्यांच्या लेखी बायकांचा खेळ आहे. तर्री लावायची वेळ झाली की मात्र आत येतात आणि ब्रश दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

श्रावणात, कानबाईच्या दिवसांत अर्थातच काही नाही. आणि होळी झाली की ओव्हन बंद. जळगावच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या दुपारी घरात दोनशे वीसची भट्टी लावणं हा अविचार आहे. त्यात वीज गेली की मटण अर्धं कच्चं आणि आम्ही पूर्ण शिजलेले. उन्हाळ्यात मळ्यातल्या आंब्याखाली जिभाऊंचं काळं मटण, रात्री, चांदण्यात, आणि भाकऱ्या आमच्या. तेही जेवण मला आवडतं. फक्त मला ते शेवटी मिळतं.

ट्रेमध्ये उरलं तर सकाळी त्याची वडी पडते, इतकं ते आवळून येतं. चौकोन कापून लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात दोन्हीकडून खरपूस करायचे. याला चहा चालतो, लोक काहीही म्हणोत. कोपऱ्याचे चौकोन चारच असतात, त्यांना दोन बाजूंनी कुरकुरीत कड असते, आणि आमच्याकडे ते रात्रीच बोलून ठेवावे लागतात. पुतण्या बोलून ठेवत नाही, तो पहाटे पाचला उठतो.